थंडरबर्ड नव्या कॉम्प्युटरवर नेताय? आधी पॉप की आयमॅप ते बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या नात्यात कुणी ना कुणी नवीन लॅपटॉप घेतंच आहे, आणि घेतला की फोन येतो, अगं मेलचं सेटिंग तेवढं करून दे ना. ब्राउझरमध्येच जीमेल उघडत असाल तर काही करायचं नाहीये, नव्या मशीनवर लॉगिन करा, झालं. हे लिहितेय ते थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल उतरवून वाचायचा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे छोटे कारखाने, ऑफिसं, आणि ज्यांचा स्वतःच्या डोमेनचा मेल आयडी आहे असे लोक.

मामांचं भोसरीला वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतात, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि ड्रॉइंग सगळं मेलवर येतं. मागे त्यांनी पीसी बदलला तेव्हा दुकानातल्या मुलाने नव्यावर मेल आयडी न् पासवर्ड टाकून दिला, नवीन मेल यायला लागले, सगळ्यांना वाटलं काम झालं, आणि जुना पीसी फॉरमॅट होऊन एक्सचेंजमध्ये गेला. आठवड्याभरात एका जुन्या पार्टची रिपीट ऑर्डर आली आणि ड्रॉइंग शोधायला गेले तर इनबॉक्समध्ये आठच दिवसांचे मेल. पॉप आणि आयमॅप या मेल आणायच्या दोन पद्धती, त्यातलं त्यांचं अकाउंट पॉपचं होतं. सगळे जुने मेल फक्त त्या फॉरमॅट झालेल्या डिस्कवर होते. मामा एकेका पार्टीला फोन करून ड्रॉइंग परत मागत होते ते मला बघवत नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे. जुन्या मशीनवर अकाउंट सेटिंग्जमध्ये जा, सर्व्हर सेटिंग्जवर क्लिक करा, वरच सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर आहेत, नव्या मशीनवर परत उतरतील. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून तुमच्या डिस्कवर उतरतात आणि ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला टिक नसेल तर सर्व्हरवरून जातात, त्यामुळे तुमच्याकडे आहे तीच एकुलती एक कॉपी. आणि आयमॅप असलं तरी डावीकडे खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतं ना, त्यात काही टाकलं असेल तर तेही फक्त तुमच्याच डिस्कवर आहे, हे बरेच जण विसरतात.

त्याच पानावर सगळ्यात खाली लोकल डिरेक्टरी दिसते. ती सी ड्राइव्हवर आहे का डी वर ते बघून ठेवा. आपल्याकडे फॉरमॅटच्या भीतीने मेल डी ड्राइव्हला ठेवायची सवय आहे, आणि मग नुसतं प्रोफाइल, म्हणजे थंडरबर्ड आपली सेटिंग ठेवतो ते फोल्डर, कॉपी केलं तर सेटिंग येतं पण मेल येत नाहीत. या पानाचा आणि आउटगोइंग सर्व्हरच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, सर्व्हरचं नाव, पोर्ट, युजरनेम सगळं त्यात येतं.

आता कॉपी. थंडरबर्डच्या टूल्स मेनूत एक्स्पोर्ट आहे पण त्याची झिप २ जीबीपर्यंतच होते, धंद्याचा मेल असेल तर त्यात मावणं कठीण, म्हणून मी सरळ फोल्डरच उचलते. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डरचं बटन आहे ते दाबा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा (चालू असताना कॉपी केलं तर फाइल अर्धवट येऊ शकते), आणि एक्सप्लोररमध्ये मागे मागे जात थंडरबर्ड नावाचं फोल्डर दिसेल, ते रोमिंग नावाच्या फोल्डरच्या आत असतं, ते अख्खं कॉपी करा. मेल डी ड्राइव्हला असतील तर तेही फोल्डर घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, आणि थंडरबर्ड नेहमीच्या सेटिंगला अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवतो, म्हणून पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची साइज जुळवून बघा, खरंच बघा.

नव्या मशीनवर थंडरबर्ड जुन्याइतक्याच किंवा त्याहून नव्या व्हर्जनचा टाका, जुना व्हर्जन नवीन प्रोफाइल घेत नाही. एकदा उघडा, अकाउंट विचारेल ते कॅन्सल करा, बंद करा. मग विंडोजचं बटन आणि आर एकदम दाबून टक्केचिन्ह, ॲपडेटा, परत टक्केचिन्ह असं इंग्रजीत (%appdata%) टाइप करून एंटर दाबलं की रोमिंग उघडतं, तिथलं थंडरबर्ड फोल्डर काढून आपलं ठेवा. डी ड्राइव्हचे मेल असतील तर त्याच नावाच्या फोल्डरात, त्याच ड्राइव्ह लेटरवर ठेवा म्हणजे रस्ता चुकत नाही. उघडल्यावर रिकामंच दिसलं तर घाबरू नका, ट्रबलशूटिंगच्या त्याच पानावर खाली प्रोफाइल्सची लिंक आहे, तिथून जुनं प्रोफाइल डिफॉल्ट करा आणि थंडरबर्ड परत चालू करा.

पासवर्डही याच फोल्डरमधून येतात. म्हणूनच काम झालं की पेनड्राइव्हवरची कॉपी पुसा, दुकानात कुणाच्या हाती ठेवू नका. जीमेलचं अकाउंट असेल तर गूगल परत एकदा लॉगिन मागू शकतं, ते करून टाका.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात: जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये पीएसटी फाइल (मेल डिस्कवर साठवणारी) आहे का ते अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्समध्ये बघा, असेल तर ती न्या, ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची नुसती नक्कल) नेऊन उपयोग नाही, आणि अकाउंट मात्र नव्याने टाकावं लागतं.

आणि पॉपवाल्यांनो, नवं चालू झाल्यावर जुन्या मशीनवर थंडरबर्ड उघडू नका, नाहीतर त्या दिवसाचे मेल तिकडे उतरतील आणि इकडे येणार नाहीत. जुन्याची नेटची वायरच काढून ठेवा. एखादा महिना तो तसाच कपाटात राहू दे, मधल्या काळात नव्या मशीनवर एक जुनी पीओ, एक सर्वात जुनं ड्रॉइंग, एक सेंट मेल असं उघडून अटॅचमेंटसकट तपासा, मगच तो फॉरमॅटला द्या.