म्हणी आणि पदार्थांच्या जन्मकथा फॉरवर्ड करताय? या चुका टाळा

मागच्या संक्रांतीला एका हळदीकुंकवाला मी अगदी ठामपणे सांगितलं की "अमक्यावर संक्रांत आली" हा वाक्प्रचार पानिपतावरून आलाय, कारण १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, मराठ्यांचा एवढा मोठा पराभव झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यात बसलेल्या एका काकूंनी हळूच विचारलं, "पण तेव्हा संक्रांत चौदालाच यायची का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बसले, आकडेमोड केली आणि मग एकेक करत अशा बऱ्याच गोष्टी तपासल्या ज्या मी कित्येक वर्षं खात्रीने सांगत आलेय. त्यात कुठे कुठे चूक होते आणि ती कशी पकडायची ते इथे लिहितेय, कारण या गोष्टी आपण मुलांना सांगतो आणि मुलं त्या आयुष्यभर खऱ्या धरून चालतात.

चूक १: तारीख आजच्या कॅलेंडरने बघणे

संक्रांत कायम १४ जानेवारीलाच असते असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण ती सरकते. आपली संक्रांत निरयन पद्धतीने मोजतात, म्हणजे सूर्य ताऱ्यांच्या हिशोबात मकर राशीत कधी जातो त्यावर, आणि इंग्रजी कॅलेंडर चालतं ऋतूंच्या हिशोबाने, दोघांच्या वर्षात थोडासा फरक आहे, त्यामुळे साधारण ७०-७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. हल्ली काही वर्षी ती १५ ला येते ते याचमुळे. उलट मागे जाऊन बघा, स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तिथून अजून शंभर वर्षं मागे गेलात की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, पानिपतावर लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते.

मग "संक्रांत येणे" कुठून आलं? त्यासाठी पानिपतापर्यंत जायची गरजच नाही, घरातलं पंचांग उघडा. दरवर्षी त्यात संक्रांतीचं वर्णन असतं, ती कुठल्या वाहनावर बसून आली, कुठलं वस्त्र नेसली, हातात काय आहे, कुठून येते, कुठे जाते, कुठल्या दिशेला बघते. आणि ती ज्याला हात लावेल ते महाग होणार, जिकडे बघेल तिकडे संकट, ही जुनी समजूत. आजी म्हणायचीच ना, यंदा पिवळ्यावर संक्रांत आहे, पिवळी साडी नको. "त्याच्या नोकरीवर संक्रांत आली" हे त्याच बोलण्यातून आलेलं दिसतं. पानिपताने मराठीला दुसरं दिलंय, "पानिपत होणे", आणि विश्वासरावांच्या नावावरचं "विश्वास पानिपतात गेला". ते तसंच राहू द्या, ते खरं आहे आणि त्यात दुःखही खरं आहे.

चूक २: गोष्टीत राजा आला की प्रश्न विचारणं बंद करणे

सांबाराची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. छत्रपती संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून गेले, तिथे व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे गादीवर, आमटी करायला घेतली तर आमसूल संपलेलं, मग चिंच घातली, आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलं सांबार. ऐकायला इतकं गोड वाटतं की शंका घेणं म्हणजे महाराजांचा अपमान असं काही जणांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्यांनी आयुष्य लढण्यात घालवलं त्यांच्या नावावर न घडलेली मेजवानी चिकटवण्यात कसला मान?

तंजावरचे शहाजीराजे गादीवर आले १६८४ ला. संभाजी महाराजांची हत्या मार्च १६८९ ची. म्हणजे या भेटीला मिळतात जेमतेम पाच वर्षं, आणि ती कुठली पाच वर्षं, तर औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून बसलेला, १६८६ ला विजापूर पडलं, १६८७ ला गोवळकोंडा पडला. अशा दिवसांत छत्रपती चुलतभावाकडे तंजावरला जेवायला गेले असते तर ती केवढी मोठी राजकीय बातमी झाली असती. गोष्ट सांगणारे मात्र त्या काळचं एक पत्रसुद्धा पुढे ठेवत नाहीत, फक्त आमटीची चव सांगतात.

आता स्वयंपाकघरातून बघू. आमसूल नाही म्हणून चिंच घातली हा मोठा शोध असल्यासारखं सांगतात, पण अहो, देशावर चिंचगुळाची आमटी रोजची आहे, आमसूल कोकणाकडचं. आणि तमिळ स्वयंपाक, मग ते रसम असो की कुळंबू, चिंचेवरच उभा आहे. तिथल्या आचाऱ्याला डाळीत चिंच घालायला आमसूल संपायची वाट बघावी लागली असेल हे पटत नाही.

राहिला शब्द, आणि यात मला सगळ्यात जास्त रस आहे. माझं सासर नागपूरचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, जा, दहा रुपयाचा सांबार घेऊन ये. मी स्टीलचा डबा घेऊन निघाले तर म्हणाल्या डबा कशाला, पिशवी ने. भाजीवाल्याने हातात दिली कोथिंबिरीची जुडी, मुळांना ओली माती लागलेली. विदर्भात कोथिंबीर म्हणजे सांबार, ती भरून केलेली सांबारवडी नागपुरात हिवाळ्यात घरोघरी तळतात. संस्कृतात "संभार" म्हणजे जमवलेलं साहित्य, सामग्री, आणि त्यावरूनच मराठीत मसाल्याला संभार, संबार म्हणायची पद्धत होती. म्हणजे चार मसाले एकत्र करून घातलेला पदार्थ तो संभार, सांबार, यात कुठल्याही माणसाचं नाव लागत नाही. तंजावरच्या मराठी मुदपाकखान्याचा या शब्दात वाटा असू शकतो, त्यावर बोलायला मला फार आवडेल, कारण मराठ्यांचं तिथलं राज्य १६७५ च्या सुमारास सुरू होऊन १८५५ पर्यंत टिकलं, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मराठी हस्तलिखितांचे ढीग आहेत, आणि तंजावरी मराठी बोलणारी घरं तमिळनाडूत आहेत. एका न झालेल्या जेवणाच्या नादात पावणेदोनशे वर्षांचा हा खरा इतिहास कोणी सांगतच नाही.

चूक ३: नाव कानाला जुळलं की झालं

"पाव म्हणतात कारण पीठ पायाने तुडवतात." हे मी लहानपणी शाळेत ऐकलंय आणि त्या किळसेने आमच्या वर्गातल्या दोघी-तिघींनी पाव सोडला होता. दुसरी गोष्ट, पाव म्हणजे चतकोर, लादीचे चार तुकडे होतात म्हणून पाव. दोन्ही चूक. पाव हा पोर्तुगीज शब्द आहे, त्यांच्याकडे ब्रेडला जवळपास तसंच म्हणतात, शेवट फक्त नाकातून. गोव्यात पाव भाजणाऱ्याला अजून पोदेर म्हणतात तोही पोर्तुगीज शब्दच. पूर्वी तिथे पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे. सकाळी सायकलचा पोंऽ पोंऽ हॉर्न वाजवत पोई, उंडे घेऊन पोदेर दारात येतो, टोपलीवरचं कापड बाजूला केलं की गरम वास येतो, तो वास घेतलेला माणूस पायाची गोष्ट परत सांगणार नाही.

बटाटा, काजू, अननस हे सगळे शब्द याच वाटेने आले. कधीकधी कानाला जुळलेलं खरंही निघतं बरं का, मोसंबीचं नाव मोझांबिकवरून पडलं असं मानतात आणि त्याला आधार आहे. पण नुसतं जुळणं पुरत नाही, तो शब्द कोणाबरोबर आणि कुठल्या बंदरातून आला तेही सांगता आलं पाहिजे.

याच जातीची अजून एक चूक म्हणजे इंग्रजी शब्द फोडून त्याची आद्याक्षरं काढणे. "पॉश एरिया" मधल्या पॉशची गोष्ट आपल्या मुंबईला चिकटवलेली आहे, की इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन सावलीत असायची, श्रीमंत लोक तीच घ्यायचे, आणि तिकिटावर "पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम" या चार शब्दांची आद्याक्षरं छापायचे. असं तिकीट आजपर्यंत एकही सापडलेलं नाही. शब्दकोश करणारेही ही गोष्ट मानत नाहीत. रोजच्या वापरातला जुना शब्द आद्याक्षरांपासून बनलाय असं कोणी म्हटलं की ते बहुतेक वेळा नंतर रचलेलं असतं.

चूक ४: खऱ्या घटनेला खोटा पदार्थ जोडणे

हे ओळखायला सगळ्यात अवघड, कारण अर्धी गोष्ट खरी असते. पावभाजीचं घ्या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, हे शंभर टक्के खरं. त्यातून शेअरचा फुगा फुगला आणि १८६५ ला फुटला, राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद याच काळातले. इथपर्यंत छान. पुढे मात्र सांगतात की अमेरिकेचे भाव तारेने रात्री यायचे म्हणून कापसाचे व्यापारी रात्रभर जागायचे आणि त्यांच्यासाठी उरलेल्या भाज्या तव्यावर कुस्करून पावभाजी जन्मली.

तारेने? मुंबई आणि लंडन तारेने जोडले गेले १८६५ ला, म्हणजे युद्ध संपत आलं तेव्हा. अटलांटिक महासागराखालची टिकाऊ केबल १८६६ ची, म्हणजे युद्ध संपल्यावर. युद्धाच्या काळात अमेरिकेची बातमी बोटीने आधी इंग्लंडला आणि तिथून आठवडे घालवून मुंबईला यायची, त्यासाठी रात्री जागून काही फायदा नव्हता. गिरणीच्या पाळीवरून सुटलेल्या कामगाराला पटकन, स्वस्त, गरम काहीतरी लागायचं, हे कारण मला साधं आणि पटणारं वाटतं, त्यात अब्राहम लिंकनला आणायची गरज पडत नाही.

चूक ५: एकदा फसलो म्हणून सगळंच खोटं म्हणणे

हेही बघितलंय मी. "अटकेपार झेंडे" पण दंतकथा असेल, असं परवा भाचा म्हणाला. नाही, ते घडलंय. १७५८ ला मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत आणि पलीकडे गेल्या, राघोबादादांनी त्याच वर्षी ४ मे रोजी लाहोरहून लिहिलेलं पत्र आहे. फक्त दादा स्वतः लाहोरपर्यंत गेले होते, पुढे गेले ते त्यांचे सरदार, एवढी दुरुस्ती करा आणि बिनधास्त सांगा.

"ध चा मा" च्या बाबतीत मात्र सांभाळून. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी खून केला हे खरं, रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना दोषी धरलं हेही खरं. पण आनंदीबाईंनी स्वतःच्या हाताने "धरावे" चं "मारावे" केलं, हे सिद्ध करणारा कागद पुढे आलेला नाही. वाक्प्रचार वापरा, मीही वापरते, पण एका बाईला अडीचशे वर्षं खुनी ठरवताना "असं म्हणतात" एवढे दोन शब्द तरी जोडा.

चूक ६: ताटातलं सगळं "ऋषीमुनींपासून" आहे म्हणणे

एकादशीची साबुदाण्याची खिचडी समोर घ्या आणि एकेक वस्तू बाजूला काढा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच, अँडीज पर्वतातला. मिरचीसुद्धा अमेरिकेतली, तिच्या आधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती आणि मिरचीने नावही मिरीचंच घेतलं. उरलं काय, तूप, जिरं, मीठ. बाजूला काढलेले ते चारही पदार्थ पोर्तुगीज आल्यानंतरच इथे आले, आणि आज आपण खातो त्यातला बराचसा साबुदाणा तमिळनाडूत सेलमच्या आसपास बनतो, तो धंदाच तिथे १९४० च्या दशकात उभा राहिला. रताळंही बाहेरचंच.

यात वाईट वाटून घेण्यासारखं मला काही दिसत नाही. उपासाला धान्य चालत नाही हा नियम जुना, हे कंद नंतर आले, धान्यात मोडले नाहीत, म्हणून बायकांनी ते उपासाला घेतले, हे मला केवढं हुशारीचं काम वाटतं. त्याचं श्रेय ऋषींना देऊन त्या बायकांना का वगळायचं?

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं, जिथे आधी सांबाराची गोष्ट मीच टाकली होती त्याच ग्रुपवर, कारण चुकीचं जिथे पाठवलं तिथेच दुरुस्त करायला हवं, दुसरीकडे करून उपयोग नसतो. भांडण झालं नाही. आईचा फोन आला, तिने एकच विचारलं, मग आधी उपासाला काय खायचे गं? म्हटलं, वरई, शिंगाडा, दूध, फळं. पुढच्या एकादशीला तिने वरीचे तांदूळ केले, दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी केली, आणि मिरचीच्या जागी मिरी ठेचून घातली.