एक स्पेस आणि ‘ध’चा ‘मा’: टर्मिनलवर या चुका टाळा

गेली बारा-तेरा वर्षं मी ओळखीच्या मुलांना लिनक्सचं टर्मिनल, म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायची खिडकी, शिकवतोय. फी घेत नाही, त्यामुळे ओरडायचा हक्क राखून ठेवलाय. मुलं बदलतात, उबुंटू या लिनक्सची आवृत्ती बदलते, चुका मात्र त्याच. एकाच चुकीवर दहाव्यांदा तोंड वाजवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं, म्हणून हा लेख.

पहिली चूक माझी लाडकी, कारण ती मी स्वतः केलीय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही ओळ लिहून एंटर मारलात की ती थेट कमांडकडे जात नाही. मधे शेल, म्हणजे तुमची ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम, बसलेला असतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश, मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून झेडशेल. तो ओळीचे स्पेस बघून तुकडे पाडतो, ~ दिसलं की तिथे तुमच्या होम फोल्डरचा (तुमच्या सगळ्या फायली राहतात त्या फोल्डरचा) पत्ता टाकतो, * दिसलं की फायलींची नावं भरतो आणि मग ती यादी कमांडच्या हातात देतो. फाइल उडवणाऱ्या ‘आरएम’ला तुम्ही टाकलेली चांदणी कधी दिसतच नाही. तिला नावं दिसतात, ती उडवते. ‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाईंना निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं म्हणतात. इथे नुसती मोकळी जागा पुरते.

२०११ची गोष्ट. एका मित्राचा दिवाळी अंक निघायचा होता आणि सगळा मजकूर माझ्या मशीनवर, जीएडिटमध्ये टाइप केलेला. तेव्हाचा जीएडिट फाइल सेव्ह करताना जुनी प्रत नावाच्या शेवटी ~ लावून शेजारीच ठेवायचा. म्हणजे ४१ लेख आणि शेपटीवाल्या ४१ प्रती. सकाळी प्रेसमध्ये फायली द्यायच्या होत्या. रात्री साडेअकराला मला आवराआवरीची हुक्की आली. लिहायचं होतं ‘आरएम *~’, म्हणजे शेपटीवाल्या तेवढ्या काढ. बोटांनी लिहिलं ‘आरएम * ~’.

उत्तर आलं ते माझ्या होम फोल्डरचं नाव घेऊन: ही डिरेक्टरी आहे, काढता येत नाही. मी म्हटलं, हा होम फोल्डरबद्दल का बोलतोय? मग फायलींची यादी दाखवणारं ‘एलएस’ मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर तो नीट सांगेल. फोल्डर धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. स्पेसमुळे शेलनं दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या होत्या: इथलं सगळं, आणि माझं होम फोल्डर. पहिलं मुकाट्यानं उडवलं, दुसऱ्याबद्दल तेवढी तक्रार केली. फोल्डरही आतल्या सगळ्यासकट काढायला सांगणारं ‘-आर’ जोडलं असतं तर ती तक्रारही आली नसती, होमही गेलं असतं. आणि टर्मिनलवर कचऱ्याची टोपली नसते. आरएम म्हणजे गेलं.

दोन लेख एडिटरमध्ये उघडे होते, ते पुन्हा सेव्ह केले. २७ लेखकांच्या मेलमध्ये सापडले, पण शुद्धलेखन तपासायच्या आधीचे. उरलेल्या १२ लेखांची प्रुफं कागदावर होती. मित्राची आई वाचून दाखवत होती, मी टाइप करत होतो, पहाटे पाचपर्यंत. एका कवितेपाशी काकू थांबल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ही गेली असती तरी चाललं असतं रे.”

तेव्हापासून माझी सवय अशी. काहीही उडवायचं असेल तर आधी तोच नमुना एलएसला द्यायचा. यादी बघायची, म्हणजे खरंच डोळ्यांनी वाचायची. मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची आणि एलएसची दोन अक्षरं खोडून तिथे आरएम लिहायचं. ओळ नव्यानं टाइप करायची नाही, कारण ती स्पेस नेमकी तिथेच घुसते. काही जण सांगतात, आरएमला कायमचं ‘-आय’ लावून ठेवा, प्रत्येक फाइलला विचारेल. मला पटत नाही. चाळीसदा ‘वाय’ दाबणारा माणूस पाचव्यानंतर वाचत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर ती सोय नसते आणि हाताला तर तिची सवय लागलेली.

याच कुळातल्या दोन बारक्या चुका. ‘आजीचे फोटो’ हे शेलच्या लेखी एक फोल्डर नाही, ‘आजीचे’ आणि ‘फोटो’ अशी दोन नावं आहेत. अवतरणचिन्हांत घाला. त्याहून बरं, पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, पुढचं शेल स्वतः नीट भरतो. टॅब न वापरता पूर्ण नाव टाइप करणारी मुलं बघितली की मला खरंच राग येतो. आणि चुकून ~ याच नावाचं फोल्डर तयार झालं असेल तर ते काढायला नुसतं ~ लिहू नका. ./~ असं लिहा. का, ते वर आलंच आहे.

आता सुडो, म्हणजे एखादी कमांड रूटच्या (मशीनवर सगळे हक्क असलेल्या खात्याच्या) नावानं चालवणं.

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की नवशिक्याचा हात आपोआप सुडोकडे जातो. ताप आला की क्रोसिन, तसं. माझ्याकडच्या एका मुलानं साधी नोट्सची फाइल सुडो लावून बनवली. फाइलची मालकी गेली रूटकडे. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या स्वतःच्या नावानं सेव्ह होईना, म्हणून परत सुडो. आठवड्याभरात त्याचं अर्धं होम फोल्डर रूटचं झालं होतं. मग त्याला कुठूनतरी रामबाण मिळाला: ‘सुडो सीएचमॉड -आर ७७७’, आणि पुढे नुसता /. अख्ख्या मशीनवर सगळ्यांना सगळं करायची मुभा.

मला फोन आला. “सर, सुडोच चालत नाहीये.”

चालणार कसं? सुडोच्या फाइलवर एक खास खूण असते, ती चालवणाऱ्याला तात्पुरता रूट करणारी. ७७७ केल्यावर ती खूण पुसली गेली. शिवाय कुणाला सुडो द्यायचं ते लिहिलेली सुडोअर्स ही फाइल कुणीही बदलू शकत असेल, तर सुडो तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. दुसऱ्या मशीनवर लॉग इन करून देणारं एसएसएचही खासगी किल्ली सगळ्यांना वाचता येतेय म्हटल्यावर ती घेईना. म्हणजे ज्या औषधाचा अतिरेक केला, तेच औषध बाटलीत अडकलं. दुरुस्ती करत बसायच्या भानगडीत मी पडलो नाही. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, त्याच्या फायली काढून घेतल्या आणि उबुंटू नव्यानं टाकलं.

नकार आला की आधी ‘एलएस -एल’ मारा आणि मालकाचं नाव वाचा. तुमचीच फाइल चुकून रूटची झाली असेल तर ‘सीएचओन’नं मालकी परत घ्या. इथे सुडो लागेल, पण एकदाच आणि त्या एका फाइलपुरतं. फाइल तुमची नव्हतीच तर स्वतःला विचारा, मी इथे आलोय कशाला? बऱ्याचदा उत्तर असतं, ‘सीडी’ कमांडनं फोल्डर बदलताना चुकून भलत्या फोल्डरमध्ये. ‘पीडब्ल्यूडी’ मारून बघा (बांधकाम खातं नव्हे, आत्ता मी कुठे आहे हे सांगणारी कमांड).

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

यादी क्रमानं लावून त्याच फाइलमध्ये ठेवायची म्हणून ‘सॉर्ट यादी > यादी’ करू नका. शेल आधी बाणापुढची फाइल रिकामी करतो, मग सॉर्टला हाक मारतो. सॉर्टला वाचायला काही उरत नाही. मी नव्या नावानं लिहितो, फाइल वाचायला दाखवणाऱ्या ‘लेस’मध्ये बघतो, मगच फाइल हलवणाऱ्या ‘एमव्ही’नं जुन्यावर टाकतो. सॉर्टला यासाठी ‘-ओ’ आहे, पण माझा हात तिकडे वळत नाही.

वर्डमधून किंवा कुणाच्या आयफोनवरून आलेली कमांड तशीच चिकटवू नका. सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, दोन हायफनची एक लांब रेघ झालेली असते आणि पहिलं अक्षर फोननं कौतुकानं मोठं केलेलं असतं. लिनक्सला मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी. हातानं टाइप करा. वेळ जातो हे माहितीय, जाऊ दे. पाठ होते. नमुन्याच्या ओळीतलं सुरुवातीचं $ ही टाइप करायचं नसतं, तो प्रॉम्प्ट आहे, म्हणजे ‘आता लिहा’ असं सांगणारी शेलची खूण.

एलएस मारल्यावर ‘ते: कमांड नॉट फाउंड’ आलं तर मशीन बिघडलेलं नाही. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिलाय. एलच्या बटणावर त, एसच्या बटणावर मात्रा.

एंटर मारल्यावर नुसतं > येऊन बसलं तर अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय. कंट्रोल-सी दाबून बाहेर या. आणि टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नव्हे, चालू काम थांबवणं. त्याला शिफ्टची जोड दिली की बहुतेक ठिकाणी कॉपी होतं.

सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलंत आणि स्क्रीन गोठली? टेलिटाइपच्या जमान्यातला ‘थांब’ आहे तो. कंट्रोल-क्यू दाबा. खिडकी बंद करून नवी उघडणारे महाभाग मी पाहिलेत.

व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये अडकलात तर एस्केप, मग :, क्यू, ! आणि एंटर. हसू नका, सगळे अडकतात.

पासवर्ड टाइप करताना बऱ्याच ठिकाणी पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड ठीक आहे. पण इथे घाई करणारे एक भारी काम करतात. सुडोनं अजून विचारलेलंही नसतं आणि हे पासवर्ड ठोकून एंटर मारतात. मग तो कमांड म्हणून चालतो, ‘नॉट फाउंड’ म्हणून पडद्यावर ठळक दिसतो आणि बॅशच्या हिस्टरीत, म्हणजे मारलेल्या कमांडांच्या यादीत, जाऊन बसतो. त्याच खिडकीत लगेच ‘हिस्टरी’ मारा, त्या ओळीचा आकडा बघा, ‘हिस्टरी -डी’ला तो आकडा देऊन ओळ काढा. आणि शेजारी कुणी बसलं असेल तर पासवर्डही बदला.