फ्रीआरटॉसमध्ये टास्कची प्रायॉरिटी कशी ठरवायची

फ्रीआरटॉस ही मायक्रोकंट्रोलरवर अनेक टास्क, म्हणजे वेगवेगळी कामं, आलटून पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम आहे; आधी कोणी चालायचं हे प्रायॉरिटी ठरवते. कोडला हात लावण्याआधी कागदावर प्रत्येक टास्कसमोर तीन आकडे लिहा: तो किती मिलिसेकंदांनी चालतो, एका फेरीला जास्तीत जास्त किती वेळ घेतो आणि उशिरात उशिरा कधी संपला तर चालेल. दुसरा आकडा अंदाजाने लिहू नका. फेरी सुरू होताना एक पिन हाय करा, संपताना लो करा आणि ऑसिलोस्कोपवर मोजा. मोजताना त्या टास्कला तात्पुरती सर्वांत वरची प्रायॉरिटी द्या, नाहीतर मध्येच घुसलेल्या टास्कचा वेळही त्यात धरला जातो.

एक मोटर कंट्रोलर घेऊ. मोटरचा टास्क दर 5 मिलिसेकंदांनी 1 मिलिसेकंद चालतो, सेन्सरचा दर 20 ला 4 आणि डिस्प्लेचा दर 100 ला 25. ज्याची फेरी लवकर येते, त्याची प्रायॉरिटी वर. फ्रीआरटॉसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, म्हणून मोटरला 4, सेन्सरला 3, डिस्प्लेला 2, नोंदी साठवणाऱ्या लॉगरला 1. 0 आयडल टास्कचा, म्हणजे बाकी कोणालाच काम नसताना चालणाऱ्याचा. ग्राहकाला दिसतो तो डिस्प्लेच, म्हणून त्याला वर बसवायचा मोह होतो. तसं केलंत तर तो 25 मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसेल आणि तेवढ्यात मोटरच्या पाच फेऱ्या हुकतील.

आता प्रत्येक टास्क प्रोसेसरचा किती टक्के वेळ खातो त्याची बेरीज (5 पैकी 1 म्हणजे 20 टक्के): 20, 20 आणि 25 मिळून 65 टक्के. लिऊ आणि लेलँड यांनी 1973 मध्ये मांडलेल्या नियमानुसार तीन टास्कसाठी सुरक्षित मर्यादा सुमारे 78 टक्के आहे. तिच्यापुढे गेलात तर बिघडेलच असं नाही, पण मग प्रत्येक टास्कचा सर्वांत वाईट वेळ हिशेब करून काढावाच लागतो. इथे वरचे दोघं मध्ये घुसत राहिले तरी डिस्प्लेची फेरी 47 मिलिसेकंदांत आटोपते, म्हणजे 100 च्या बरीच आत. लॉगर मात्र या बेरजेत धरलेला नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

सेन्सर आणि लॉगर जिच्यात नोंदी लिहितो ती ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी चिप) एकाच आयस्क्वेअरसी बसवर, म्हणजे एका वेळी एकालाच वापरता येणाऱ्या सामायिक तारांवर, आहेत असं समजा. लॉगरने बस धरली, सेन्सर तिच्यासाठी थांबला आणि तेवढ्यात डिस्प्ले जागा झाला. डिस्प्लेला बसशी काही देणंघेणं नाही, पण तो लॉगरच्या वर आहे. लॉगर हलत नाही, म्हणून बस सुटत नाही आणि 3 प्रायॉरिटीचा सेन्सर 2 वाल्याच्या मागे लटकतो. यालाच प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच कारणाने वारंवार रिसेट होत होतं. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टममधलं प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देण्याची सोय, पृथ्वीवरून चालू करून ते सावरलं.

फ्रीआरटॉसमध्ये सामायिक वस्तूला कुलूप घालायचे दोन प्रकार आहेत: म्युटेक्समध्ये ही सोय आहे, बायनरी सेमाफोरमध्ये नाही. म्हणून बसला कुलूप म्युटेक्सचंच घाला. सेन्सर वाट पाहत असेल तोवर लॉगर 3 वर चढतो आणि डिस्प्लेला मध्ये येता येत नाही. पण म्युटेक्स धरण्याचा वेळही कमीच हवा. 24एलसी256 या ईईप्रॉममध्ये 64 बाइटचं पान 100 किलोहर्ट्झवर पाठवायला सुमारे 6 मिलिसेकंद लागतात, 400 वर साधारण दीड. त्यानंतर चिप आतल्या आत 5 मिलिसेकंदांपर्यंत लिहीत असते. त्या वेळात बस मोकळी असते, तेव्हा पान पाठवून झालं की लगेच म्युटेक्स सोडा.

इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरने हाक दिली की चालू काम थांबवून धावणाऱ्या कोडची, गणतीच वेगळी आहे आणि गफलत इथेच जास्त होते. कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमध्ये लहान आकडा म्हणजे वरचा इंटरप्ट. कॉन्फिग फाइलमध्ये सिस्टम कॉलची मर्यादा 5 असेल, तर 0 ते 4 मधल्या इंटरप्टमधून फ्रीआरटॉसचं कुठलंही फंक्शन बोलवायचं नाही, इंटरप्टसाठीच बनवलेलं ‘फ्रॉम-आयएसआर’वालंसुद्धा. रिसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी 0 असते. ती बदलायची राहिली की बोर्ड कधीतरीच, भलत्याच ठिकाणी अडकतो. कॉन्फिग-असर्ट ही फ्रीआरटॉसची तपासणी चालू ठेवा, चूक जागीच सापडते. एसटीएम32 चिपवर इंटरप्टच्या प्रायॉरिटीचे सगळे बिट प्रीएम्प्शनलाच, म्हणजे कोण कोणाला मध्येच थांबवू शकतो हे ठरवायलाच, द्या.

ठरावीक फेरीच्या टास्कमध्ये साधा डिले (काम संपल्यापासून थांबणारा) वापरू नका, डिले-अनटिल (मागच्या फेरीच्या वेळेपासून मोजणारा) वापरा. साध्या डिलेत कामाचा वेळ वर जमा होतो आणि 5 ची फेरी 6 ची होते. कुठलाही टास्क न थांबता घुमत राहता कामा नये: त्याच्याखालचे सगळे उपाशी राहतात, आयडलसुद्धा. स्वतःला डिलीट करणाऱ्या टास्कची मेमरी आयडलच मोकळी करतो, त्यामुळे तो उपाशी राहिला की हीप (टास्कना मेमरी देणारा साठा) हळूहळू भरत जातो. वॉचडॉगला, म्हणजे ठरावीक वेळात किक (मी चालू आहे अशी खूण) मिळाली नाही तर बोर्ड रिसेट करणाऱ्या टायमरला, मोटरच्या टास्कमधून किक देऊ नका. बाकी सगळं बंद पडलं तरी तो टास्क चालूच राहील. प्रत्येक टास्कने आपला झेंडा उभारायचा आणि सगळे झेंडे दिसले तरच लॉगरच्या पातळीवरच्या टास्कने किक द्यायची.