नदीला आणि धरणाला एकच शिडाची होडी: घेताना या चुका टाळा

पुण्यात बंडगार्डनच्या संथ पाण्यात होडी छान सरकताना दिसते, सौदा ठरतो आणि महिनाभरात ती पानशेतला किंवा मुळशीला जाते. घोळ तिथे होतो. नदीत वारा झाडांआड अडतो, तुकड्यातुकड्यानं येतो आणि लाट जवळपास नसतेच. धरणात चार-पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वारा आला की फूटभर उंचीच्या, एकाला एक चिकटून येणाऱ्या लाटा उठतात. म्हणून होडीचं अंग धरणाच्या हिशेबानं बघावं आणि शीड नदीच्या. उलट केलंत तर दोन्हीकडे पस्तावाल.

शीड लहान म्हणजे सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. अशी होडी नदीत हलतच नाही आणि वल्ही मारून खांदे भरून येतात. शीड मोठं हवं, पण ते कमी करता यायला हवं. वारा ८ नॉटचा १६ झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. एन्टरप्राइजसारखी ४ मीटरची होडी साडेदहा चौरस मीटरच्या शिडांवर नदीत मस्त चालते, पण भर वाऱ्यात तिला दोन माणसं लागतात. एकट्यानं चालवायची असेल तर आयएलसीएचा (जुनं नाव लेझर) विचार करा. ४.२३ मीटरचं बूड तेच राहतं आणि त्यावर ४.७, ५.७६ किंवा ७.०६ चौरस मीटरचं शीड चढतं. मात्र प्रत्येक शिडाला डोलकाठीचा खालचा भाग वेगळा लागतो, तो सौद्यात आहे का ते आधीच विचारा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते होडीला आडवं घसरू न देणाऱ्या पाण्याखालच्या फळीकडे. डॅगरबोर्ड, म्हणजे वरून सरकवायची फळी, खाचेत सरळ उभा असतो. उन्हाळ्यात धरण ओसरून बुडालेली खोडं, बांध पाण्याच्या पातळीजवळ आले की तो आदळतो, होडी जागच्या जागी थांबते आणि धक्का खाचेच्या मागच्या कडेला बसतो. तिथली चीर बारीक दिसते, गळती मात्र कायमची. खिळीवर फिरणारा सेंटरबोर्ड धक्का लागला की मागे वळून वर येतो. उथळ काठ आणि जलपर्णी दोन्ही वाट्याला येणार असतील तर तोच बरा. सुकाणूचं पातंही उचलतं हवं. चालवताना सुकाणू अचानक जड झालं तर बहुतेक वेळा पातं अर्धवट वर सरकलेलं असतं. खाली ओढणारी दोरी घट्ट करा. तरीही जड असेल तर पात्याला जलपर्णी गुंडाळली आहे का पाहा. होडी आडवी घसरत असेल तर बोर्ड पूर्ण खाली आहे का ते आधी तपासा, मग शिडाला दोष द्या.

डोलकाठीची उंची कोणी मोजत नाही. धरणाच्या फाट्यांवरून विजेच्या तारा जातात आणि पावसाळ्यात पाणी चढलं की तारा व पाणी यांतलं अंतर कमी होतं. ॲल्युमिनियमची काठी वीजवाहक असते. मेमध्ये जिथून सहज गेलात तिथून सप्टेंबरमध्येही जाता येईल असं गृहीत धरू नका. काठी एकट्यानं पाडता येते का, हेही विकत घेण्याआधी करून पाहा.

होडी मुद्दाम उलटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काठाजवळ, पण काठी चिखलात रुतणार नाही एवढ्या खोल पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि मदतीला दुसरी होडी ठेवून. ती आडवी पडून तरंगते की पाच मिनिटांत पूर्ण पालथी होते? सरळ केल्यावर पाणी पार काठोकाठ असेल तर होडीला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या अपुऱ्या आहेत. धरणात लाटा ते पाणी उपसू देणार नाहीत.

जुनी फायबरची होडी असेल तर वजनकाटा न्या. आयएलसीएचं रिकामं बूड ५९ किलोच्या आसपास असतं. काट्यावर ६८ आलं तर आत पाणी मुरलंय किंवा थरावर थर देऊन दुरुस्ती झालीये. डेकवर अंगठ्यानं दाबत जा; मऊ लागेल तिथे आतला थर सुटलेला असतो. आणि वजनाचा दुसरा हिशेब धरणाच्या काठावर होतो: मे महिन्यात पाणी मागे हटतं, मधे चिखल उरतो, तिथे बारीक चाकांची ट्रॉली रुतते. रुंद, फुगीर टायरची ट्रॉली होडीबरोबरच घ्या.