लॅसिकची तयारी: ६/६ दिसेल, पण कसं दिसेल?

लेझरने मायनस नंबर घालवायचं ठरलं की सगळे एकच विचारतात, चष्मा सुटेल ना? बहुधा सुटतो. पण ६/६ म्हणजे पांढऱ्यावरची ठळक काळी अक्षरं वाचता येणं. पावसाळी रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत कसे येतील, ते त्यातून कळत नाही. माझ्या मते खरी तयारी त्याची करावी.

आधी जुने नंबरचे कागद शोधून काढा. वर्षभरात नंबर ०.५ हून जास्त हलला असेल, तर ऑपरेशन पुढे ढकला. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही थांबावं. कॉन्टॅक्ट लेन्स मोजमापाच्या आधीच बंद करायच्या: मऊ असतील तर साधारण एक-दोन आठवडे, कडक असतील तर किमान तीन-चार. लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदललेला असतो, आणि मोजमाप चुकलं की लेझर त्याच चुकीच्या आकड्यावर चालतो.

तपासणीत कॉर्नियाचा नकाशा, त्याची जाडी आणि अंधारातला बाहुलीचा व्यास हे तिन्ही आकडे मागून घ्या. नकाशात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका आली तर लॅसिकचा विचारच सोडा. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि लॅसिकसाठी कॉर्नियाचा जो पातळ पापुद्रा कापून उचलतात, त्याच्याखाली शेवटी किमान २५० मायक्रॉन (पाव मिलिमीटर) उरावेत, असा दंडक आहे. बाहुलीबद्दल मात्र खोदून विचारा. लेझरने पूर्ण दुरुस्त होणारा भाग साधारण ६ ते ६.५ मिलिमीटरचा असतो. अंधारात बाहुली त्याहून मोठी उघडली, तर कडेने येणारा प्रकाश एका जागी जमत नाही. दिव्याभोवती कडं दिसतं, किरणं फुटतात. बाहुली एकटीच जबाबदार नसते. नंबर मोठा असेल तर कॉर्निया जास्त सपाट करावा लागतो, त्यानेही हा त्रास वाढू शकतो. ‘माझ्या नंबरला रात्री कसं दिसेल?’ हे डॉक्टरांना सरळ विचारा.

आता एक काम घरचं, आणि ते टाळू नका. ऑपरेशनआधी एका रात्री चष्मा लावून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा, एकेका डोळ्याने, आणि दिसेल तसं कागदावर काढा: कडं किती रुंद, किरणं किती लांब. कित्येकांना चष्म्यातूनही कडं दिसत असतं, फक्त लक्ष गेलेलं नसतं. नंतर तुलना करायला हाच कागद कामी येतो.

डोळे चुरचुरत असतील तर त्याचा इलाज आधी करून घ्या. प्रकाश सगळ्यात आधी अश्रूंच्या थरातून जातो, आणि लॅसिकमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या गेल्याने पहिले काही महिने कोरडेपणा वाढतो. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसलं, तर कारण बहुधा कोरडेपणाच.

चाळिशीच्या आसपास असाल तर आणखी एक हिशेब करा. चष्मा काढून जवळचं वाचण्याची सोय जाईल आणि वाचायला चाळिशीचा चष्मा लागेल.

त्या दिवशी मेकअप नाही, अत्तर नाही, घरी न्यायला कुणीतरी सोबत. पहिले काही आठवडे रात्रीच्या गाडी चालवण्याचं काही ठरवू नका.

सगळे आधीचे आकडे एका फाइलीत कायमचे जपा. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लेन्सची पॉवर ठरवताना ते उपयोगी पडतात. काचबिंदूच्या तपासणीतही लॅसिक झालंय हे सांगायचं, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो.