संख्याशास्त्रात एमएस-पीएचडी : असिस्टंटशिपचं पत्र वाचताना

अमेरिकेत स्टॅटिस्टिक्सच्या पीएचडीला प्रवेश मिळाला की फंडिंग बहुतेक वेळा सोबतच येतं, एमएसला क्वचित. जीवशास्त्र, मानसशास्त्र, बिझनेस अशा कितीतरी शाखांच्या पदवीच्या मुलांना स्टॅट्सचा एखादा कोर्स सक्तीचा असतो. ते भरगच्च वर्ग चालवायला विभागाला टीए (टीचिंग असिस्टंट, शिकवण्यात मदत करणारे विद्यार्थी) लागतात, आणि दोन वर्षांत निघून जाणाऱ्यापेक्षा पाच वर्षं टिकणारा टीए विभागाला परवडतो.

असिस्टंटशिपच्या, म्हणजे या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या फंडिंगच्या, पत्रात '५० टक्के अपॉइंटमेंट' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आठवड्याला २० तास काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर कामाची मर्यादाही तेवढीच आहे, त्यामुळे जोडीला लायब्ररीत चार तास काम करू, हा हिशेब जमत नाही.

सगळ्यांचं लक्ष आधी स्टायपेंडच्या आकड्याकडे जातं आणि गफलत तिथेच होते. तो आकडा ९ महिन्यांचा आहे की १२? ट्यूशन पूर्ण माफ आहे, की फक्त राज्याबाहेरच्यांना लागणारा जादा भाग? ट्यूशन माफ झाली तरी 'फी' नावाची वेगळी रक्कम बऱ्याच ठिकाणी स्वतःच भरावी लागते, शिवाय आरोग्य विमा. समजा, एका ठिकाणी ९ महिन्यांचे २४,००० डॉलर आहेत, पण फी २,००० आणि विमा २,५०० खिशातून. हातात राहिले १९,५००, म्हणजे वर्षभरात वाटले तर महिना १,६२५. दुसरीकडे १२ महिन्यांचे २२,०००, फी ६०० आणि विमा विद्यापीठाचा : महिना सुमारे १,७८०. दोन्ही आकडे कर कापण्याआधीचे. त्यात गावाचं घरभाडं धरलं की चित्र आणखी पालटू शकतं.

फंडिंग किती वर्षांचं आणि कोणत्या अटींवर, हे लेखी मागा. 'साधारणपणे मिळतं' हे आश्वासन नव्हे. जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) ३.० च्या खाली गेला किंवा पीएचडीत पुढे जाण्यासाठीची क्वालिफाइंग परीक्षा ठरलेल्या प्रयत्नांत सुटली नाही, तर ते थांबू शकतं. उत्तरासाठी घाई करणाऱ्या विद्यापीठाने कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या १५ एप्रिलच्या ठरावावर सही केली आहे का, ते पाहा. केली असेल, तर आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

टीएचं काम म्हणजे ग्रेडिंग (पेपर तपासणं), ऑफिस अवर्स (मुलांच्या शंकांसाठी ठरलेली वेळ), परीक्षेला पर्यवेक्षण आणि लॅबमध्ये मुलांना 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकवणं. २० तास ही सरासरी आहे. मिडटर्मच्या आठवड्यात गठ्ठे येतात आणि नेमकी तेव्हाच तुमचीही परीक्षा असते. वर्गात उभं राहायचं असेल तर बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी अट असते. टोफेलचे एकूण गुण उत्तम आणि स्पीकिंगमध्ये कमी, असं झालं की प्रवेश मिळतो पण नुसतं ग्रेडिंगच वाट्याला येतं, नाहीतर टीएशिप अडकते. आरएशिप (संशोधनात मदतीची असिस्टंटशिप) प्राध्यापकाच्या ग्रँटवर, म्हणजे संशोधन निधीवर चालते, ग्रँट संपली की तीही संपते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी टीएच बरी.

एमएसवाल्यांनी स्टॅट्स विभागाच्याच दारात बसून राहू नये. कृषी, शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, मेडिकल स्कूल इथे डेटा साफ करून मॉडेल बसवणारा माणूस हवा असतो. मेल चार ओळींचा लिहा : त्यांच्या कोणत्या कामात, कोणतं तंत्र, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही करून देऊ शकता. 'एनी ओपनिंग?' एवढ्याच मेलला उत्तर येत नाही. एक मात्र बघा : तासावर पगार मिळणाऱ्या ग्रेडरच्या कामाला सहसा ट्यूशन माफी नसते.

काम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं, पण पहिला पगार बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. तोवर डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं आणि फीचा पहिला हप्ता यांची सोय घरून करून निघा. पगार आणि करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरसाठी विभागाचं नोकरीचं पत्र आणि इंटरनॅशनल ऑफिसचं पत्र, दोन्ही लागतात.

करात भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) भरतानाही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. नेहमीच्या टॅक्स सॉफ्टवेअरमधून चुकून रहिवाशांचा १०४० भरू नका, आणि उत्पन्न नसलं तरी फॉर्म ८८४३ (करासाठी अनिवासी असल्याचं निवेदन) पाठवा. एफ-१ वर सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. पगाराच्या पहिल्याच स्लिपवर ती कपात दिसली तर आधी पेरोलकडे परत मागा. त्यांनी हात वर केले, तर फॉर्म ८४३ भरून थेट आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याकडे.