बीटा एचसीजीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पाळी चुकली आहे, घरच्या तपासणीत दोन रेघा आल्या आहेत, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि थोडं रक्त अंगावरून जातंय. अशा वेळी डॉक्टर रक्तातलं बीटा एचसीजी तपासायला सांगतात. हा आकडा गर्भाच्या पेशी किती हार्मोन बनवताहेत ते सांगतो. गर्भ पिशवीत (गर्भाशयात) आहे की नळीत (बीजवाहिनीत), हे मात्र सांगत नाही. बहुतेक गफलती इथूनच सुरू होतात.

एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. 48 तासांनी पुन्हा रक्त द्या आणि तेही त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे जुळत नाहीत. सोमवारी सकाळी 9 वाजता दिलं असेल, तर बुधवारी 9 च्या सुमारास. घाईने 36 तासांनी दिलंत तर वाढ कमी दिसते आणि नाहक घबराट होते.

‘दोन दिवसांत दुप्पट झालाच पाहिजे’ हा हिशेब आता जुना झाला. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजने 2018 मध्ये दिलेल्या निकषांनुसार पहिला आकडा 1500 च्या खाली असेल तर किमान 49 टक्के, 1500 ते 3000 मध्ये 40 टक्के आणि त्यापुढे 33 टक्के वाढ हवी. म्हणजे 800 चे 1150 झाले, तर वाढ 44 टक्के. इथे शंका घ्यायलाच हवी. 1800 चे 2600 झाले तरी वाढ 44 टक्केच, पण ती चालते. तरीही सोनोग्राफीत गर्भ पिशवीत दिसेपर्यंत निर्धास्त होऊ नका, कारण नळीतल्या काही गर्भांचा आकडाही अगदी व्यवस्थित चढतो.

उलट चूकही तितकीच वाईट. आकडा 1500 झाला, पिशवी रिकामी दिसली, दिलं मेथोट्रेक्सेट, म्हणजे नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं औषध! जुळं असेल तर गर्भ दिसण्याआधीच आकडा बराच वर गेलेला असतो. म्हणून ‘एवढ्या आकड्याला गर्भ पिशवीत दिसायलाच हवा’ ही मर्यादा 3500 पर्यंत धरावी असं त्याच निकषांत म्हटलं आहे. पेशंट स्थिर असेल तर दोन दिवस थांबून पुन्हा तपासलेलं बरं. हवंहवंसं, निरोगी मूल घाईपायी गमावू नये.

प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) रक्तात दर मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ टिकण्याची शक्यता फार कमी, एवढंच कळतं. जागा त्यातूनही कळत नाही. शिवाय मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा फुगतो.

मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेणं सगळ्यांत धोक्याचं. त्या नळीतला गर्भ काढत नाहीत. पिशवीच्या अस्तरातून रक्तस्राव होतो आणि ‘झालं मोकळं’ असं वाटतं. आकडा उतरायला लागला तरी तो पूर्ण निगेटिव्ह येईपर्यंत तपासण्या सोडू नका.

मेथोट्रेक्सेटनंतर चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसू शकतो; त्यावरून औषध फसलं असं समजू नका. तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची करायची. त्यात निदान 15 टक्के घट हवी.

आकडा कमी असताना, अगदी उतरत असतानाही नळी फुटू शकते. चक्कर, घाम, अचानक तीव्र पोटदुखी किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय गाठा.